काचेच्या केसांतून पोटात पाहणारा माणूस : हॅरॉल्ड हॉपकिन्स



दहावीच्या विज्ञानात प्रकाशाचं अपवर्तन आणि भिंगं हे पाठ आहेत. मुलं व्याख्या पाठ करतात, किरणाकृती काढतात आणि मग हमखास कुणीतरी विचारतं, मॅडम, ह्याचा पुढे उपयोग काय? मी स्वतः प्राथमिकला शिकवते, पण हा प्रश्न चौथीतही येतो. त्याचं उत्तर म्हणून आज एका शास्त्रज्ञाचं चरित्र देत आहे. सामान्य ज्ञानाच्या पुस्तकांत ‘ऑप्टिकल फायबरचे जनक – नरिंदरसिंग कपानी’ एवढी एक ओळ असते. ओळ चुकीची नाही, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी म्हणजे कपानींचे लंडनमधले शिक्षक, प्राध्यापक हॅरॉल्ड हॉपकिन्स.

आणखी एक कारण आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी कुणाच्या ना कुणाच्या पोटात ‘दुर्बीण घातलेली’ असते. घशातून जठरात किंवा मागच्या बाजूने मोठ्या आतड्यात. मोठ्या आतड्याच्या तपासणीला कोलोनोस्कोपी म्हणतात. लाजेपोटी लोक त्याबद्दल बोलत नाहीत. पण त्या दुर्बिणीमागे कोण माणूस होता हे कळलं की तपासणीची भीती थोडी कमी होते, असा माझा अनुभव आहे.

हॉपकिन्स यांचा जन्म ६ डिसेंबर १९१८ रोजी लंडनमधल्या बर्मंडसी भागात झाला. तेव्हाचा बर्मंडसी म्हणजे गोदी कामगारांची, दाटीवाटीची गरीब वस्ती. घरची परिस्थिती बेताचीच. मुलगा हुशार निघाला आणि शिष्यवृत्तीवर लेस्टर शहरातल्या गेटवे शाळेत शिकू लागला. आता इथे शिक्षकांनी जरा थांबून वाचावं. हॉपकिन्सचा ओढा खरा होता भाषा आणि कला विषयांकडे, त्यात तो वरचढही होता. पण मुख्याध्यापकांनी त्याला विज्ञानाकडे वळवलं. मुलाची आवड सोडून दुसरीकडे वळवणं मला एरवी पटत नाही. इथे ते फळाला आलं, म्हणून प्रत्येक वेळी येईलच असं नाही. एक मात्र दिसतं, भाषा सुटली तरी मांडणीतला नेटकेपणा त्याच्याकडून सुटला नाही. पुढे त्यांनी लिहिलेली गणितंसुद्धा स्वच्छ, पायरी-पायरीने जाणारी असत.

लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून १९३९ साली भौतिकशास्त्र आणि गणितात पहिल्या वर्गाची पदवी मिळाली. अणुभौतिकीत संशोधन सुरू करायचं ठरलं होतं, तोवर दुसरं महायुद्ध पेटलं आणि तो बेत बारगळला. मग लेस्टरमध्येच भिंगं बनवणाऱ्या टेलर, टेलर अँड हॉबसन या कंपनीत नोकरी धरली. मधे काही काळ लष्करात भरती व्हावं लागलं, पण पुन्हा भिंगांच्या कामावर आणलं गेलं. म्हणजे प्रकाशशास्त्र ही काही त्यांची पहिली निवड नव्हती. युद्धामुळे पदरात पडलेलं काम होतं ते. तेच करता करता १९४५ मध्ये पीएच.डी. झाली आणि १९४७ साली ते लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात आले.

तिथे पहिलं नाव झालं ते झूम लेन्समुळे. त्या काळी टीव्ही कॅमेऱ्याला वेगवेगळी भिंगं लावलेली फिरती चकती असायची. दूरचं दाखवायचं तर चकती फिरवून भिंग बदलायचं, आणि मधला क्षणभर प्रेक्षकाला काहीच धड दिसायचं नाही. बीबीसीच्या विनंतीवरून हॉपकिन्सनी असं भिंग आखलं की चित्र न तुटता, न अंधुक होता जवळ-दूर जाता येईल. क्रिकेटच्या सामन्यात कॅमेरा सरकत सरकत फलंदाजाच्या चेहऱ्यापर्यंत जातो ना, त्यामागे हे काम आहे. १९५० मध्ये त्यांचं भिंगांतल्या दोषांवरचं पुस्तक आलं. प्रकाशाला लहर मानून, भिंगातून गेल्यावर त्या लहरीचा आकार किती बिघडतो ते गणिताने कसं मोजायचं, हा त्याचा विषय. हे पुस्तक रूक्ष आहे, पण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. चित्र ‘छान दिसतंय’ असं म्हणून त्यांचं समाधान होत नसे. किती छान, कुठे बिघडलं आणि का बिघडलं, हे त्यांना आकड्यात हवं असायचं.

आता येऊ पोटाकडे.

१९५१ साली एका जेवणाच्या प्रसंगी हॉपकिन्सची गाठ ह्यू गेन्सबरो या पोटाच्या डॉक्टरांशी पडली. गेन्सबरो लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात होते. जठर पाहण्यासाठी तेव्हा जी नळी वापरत ती जवळपास कडकच असे. रुग्णाने मान मागे टाकून ती नळी गिळायची, म्हणजे तलवार गिळण्याचाच प्रकार. एवढे हाल करूनही जठराचे काही कोपरे दिसतच नसत. डॉक्टरांनी आपली ही अडचण बोलून दाखवली आणि भिंगांच्या माणसाच्या डोक्यात ती जाऊन बसली. प्रकाश तर सरळ रेषेत जातो, हे आपण सहावी-सातवीत शिकवतो. मग वाकडी नळी कशी चालणार?

उत्तर होतं काचेच्या तंतूत. काचेत शिरलेला किरण कडेवर फार तिरका आपटला की बाहेर पडत नाही, आतच उलटतो. यालाच पुस्तकात पूर्ण आंतरिक परावर्तन म्हटलं आहे. काच ओढून केसासारखी बारीक केली की ती वाकते, आणि किरण आपटत-उलटत वळणावरूनही पुढे जातो. हे वर्गात दाखवणं सोपं आहे. प्लॅस्टिकच्या पारदर्शक बाटलीला खाली भोक पाडा, पाण्याची धार सुरू करा आणि मागच्या बाजूने भोकाच्या रोखाने लेझर टॉर्चचा उजेड सोडा. धारेबरोबर उजेडही वळून खाली येतो. (लेझर कुणाच्या डोळ्यात जाणार नाही याची काळजी घ्या. हा प्रयोग मुलांच्या हाती देऊ नका, स्वतःच करा.)

उजेड नेणं वेगळं आणि चित्र नेणं वेगळं. एक तंतू चित्राचा एकच ठिपका नेतो. चित्रासाठी हजारो तंतू हवेत, आणि खरी मेख पुढे आहे. ह्या टोकाला जो तंतू जिथे असेल, त्या टोकाला तो तिथेच असायला हवा. क्रम बिघडला की चित्राचा काला होतो. हेही वर्गात करता येतं. पंचवीस-तीस स्ट्रॉ एकत्र बांधा, एका टोकाला काही स्ट्रॉवर रंगाने ‘क’ काढा आणि दुसऱ्या टोकाला त्याच स्ट्रॉ रंगवा. जुडी नीट बांधलेली असली तर ‘क’ दिसतो, गुंतलेली असली तर नुसते ठिपके. हॉपकिन्सनी यावर काढलेली युक्ती आपल्या सूत गुंडाळण्यासारखी आहे. वेगवेगळे तंतू जुळवत बसण्यापेक्षा एकच लांब तंतू खुंट्यांभोवती फेऱ्यांवर फेऱ्या घालून गुंडाळायचा. हजारो फेरे झाले की एका ठिकाणी चिकटवून पक्कं करायचं आणि तिथेच कापायचं. उलगडलं की दोन्ही टोकांना क्रम आपोआप तोच राहतो.

हे हाताने करायला माणूस हवा होता. रॉयल सोसायटीकडून अनुदान मिळालं आणि १९५२ मध्ये नरिंदरसिंग कपानी हा तरुण त्यांच्याकडे विद्यार्थी म्हणून आला. कपानींचा जन्म पंजाबातल्या मोगा इथला, शिक्षण आग्र्याला झालेलं. प्रकाश सरळ रेषेतच जातो असं शाळेत शिक्षकांनी सांगितलं आणि ते खोडून काढायचं तेव्हाच मनात बसलं, असं ते पुढे सांगत. दोघांनी मिळून तंतूंची जुडी केली आणि २ जानेवारी १९५४ च्या ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकात त्यावरचा लेख छापून आला. त्याच अंकात हॉलंडच्या व्हॅन हील यांचाही लेख होता. त्यांनी सुचवलं की तंतूला दुसऱ्या पदार्थाचं वेष्टण हवं, नाहीतर तंतू एकमेकांना चिकटले की उजेड गळतो.

इथून गुरू-शिष्यात श्रेयाचा वाद सुरू झाला. कल्पना मूळ कुणाची यावर दोघांचं कधीच जुळलं नाही. कपानी अमेरिकेत गेले, या विषयावर भरपूर लिहिलं, १९६० मध्ये ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नावही त्यांनीच रूढ केलं. २०२१ साली भारताने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं. त्यांच्याबद्दल आपल्याला अभिमान वाटणं साहजिक आहे. पण मुलांना सांगताना दोघांची नावं सांगावीत, असं मला वाटतं. आणि जमलं तर त्यांच्याही आधी, १९३० मध्ये, म्युनिकला शिकणाऱ्या हाइनरिश लाम नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने काचतंतूंच्या जुडीतून दिव्याच्या तारेचं चित्र पलीकडे नेलं होतं, हेही सांगावं. ‘जनक’ हा शब्दच मुळी स्पर्धा परीक्षांच्या सोयीचा आहे. शोधाला एकच बाप असतो असं क्वचितच घडतं.

गंमत म्हणजे हॉपकिन्सना हे उपकरण पुढे न्यायला इंग्लंडात कुणी पाठबळ दिलं नाही. ते लेख वाचून अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात असलेले बेसिल हिर्शोविट्झ हे पोटाचे डॉक्टर लंडनला येऊन जुडी बघून गेले. त्यांच्या चमूतला लॅरी कर्टिस हा तर पदवीचा विद्यार्थी! त्याने १९५६ च्या डिसेंबरमध्ये एका काचेच्या नळीत दुसऱ्या काचेची कांडी घालून, वितळवून, एकत्र तंतू ओढला. काचेवर काचेचंच वेष्टण. उजेड गळायचा थांबला. १९५७ च्या फेब्रुवारीत हिर्शोविट्झनी ती दुर्बीण आधी स्वतः गिळली, मग रुग्णाला दिली.

मोठं आतडं याहून अवघड. साधारण दीड मीटर लांब, आणि वळणंच वळणं. कडक नळीने गुदाशयाकडचा जेमतेम २५ सेंटिमीटर भाग दिसे. त्यापुढचं पाहायचं तर एक्स-रे किंवा थेट ऑपरेशन. लवचीक दुर्बीण तिथे पोचली ती १९६० च्या दशकात. १९६९ मध्ये न्यूयॉर्कला विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी दुर्बिणीतूनच तारेचा फास टाकून आतड्यातला पॉलिप कापून काढायला सुरुवात केली. पॉलिप म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर उगवलेला मांसल फुगवटा. काही अळंबीसारखे देठावर उभे, काही अगदी सपाट. पोट न फाडता तो निघू लागला. हे मोठंच पाऊल, कारण मोठ्या आतड्याचा बहुतेक कर्करोग आधी अशा पॉलिपच्या रूपातच असतो आणि त्याचा कर्करोग व्हायला सहसा कित्येक वर्षं लागतात. तेवढ्या अवधीत तो दिसला आणि काढला, तर पुढचं संकट टळतं.

दरम्यान हॉपकिन्सनी दुसऱ्याच दिशेने मजल मारली होती. तंतूंच्या जुडीतलं चित्र ठिपक्याठिपक्यांचं, मच्छरदाणीतून पाहिल्यासारखं येई, आणि ते त्यांना पसंत नव्हतं. १९५० च्या दशकाच्या शेवटी लिव्हरपूलचे मूत्ररोग शल्यविशारद जेम्स गाऊ त्यांच्याकडे आले. मूत्राशयाचे फोटो काढायचे होते, पण कडक दुर्बिणीतून उजेडच पुरेना. तेव्हाच्या दुर्बिणीत लांब नळी, तिच्यात मधूनमधून पातळ भिंगं आणि मधे हवा असायची. हॉपकिन्सनी हा प्रकार उलटा केला. नळीभर काचेच्या लांब कांड्या भरल्या आणि मधे हवेच्या फक्त पातळ फटी ठेवल्या. त्या फटीच भिंगाचं काम करू लागल्या! भिंगं धरायला लागणाऱ्या चकत्या गेल्या, काचेचा व्यास वाढला आणि कितीतरी पट जास्त उजेड पार होऊ लागला. मला तरी त्यांच्या साऱ्या कामात ही सगळ्यांत सुंदर कल्पना वाटते. काच आणि हवेची फक्त अदलाबदल.

इथेही तेच झालं. इंग्लंड-अमेरिकेतल्या कंपन्यांनी पाठ फिरवली. शेवटी १९६५ मध्ये जर्मनीच्या कार्ल स्टोर्झ यांनी ते ओळखलं आणि दोन-तीन वर्षांत या दुर्बिणी बाजारात आल्या. आज दुर्बिणीतून पित्ताशय काढतात, कान-नाक-घसा तपासतात, तिथे कडक दुर्बिणीत बहुतेक ठिकाणी याच काचकांड्या असतात. आतड्यासाठी मात्र त्या चालत नाहीत, तिथे वाकणारीच लागते. हा फरक मुलांना सांगताना ध्यानात ठेवावा.

१९६७ साली हॉपकिन्स रीडिंग विद्यापीठात उपयोजित प्रकाशशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९८४ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. बाहेरून मोठमोठ्या पदांसाठी बोलावणी आली, गेले नाहीत. संशोधनाइतकंच शिकवणं महत्त्वाचं, असं ते मानत आणि तसे वागतही. १९७३ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, १९८४ मध्ये रमफर्ड पदक. लेझर किरणाने चकतीवरचे खड्डे वाचण्याच्या प्रकाशशास्त्रावरही त्यांनी काम केलं. सीडी प्लेअर आठवत असेल तर त्यामागचं ते गणित. २२ ऑक्टोबर १९९४ रोजी त्यांचं निधन झालं. आज रीडिंग विद्यापीठातल्या एका इमारतीला त्यांचं नाव आहे.

त्यांच्यानंतर दुर्बीण खूप बदलली. आतड्यातल्या दुर्बिणीच्या टोकाला आता छोटा कॅमेरा असतो, चित्र तारेतून पडद्यावर येतं. पण आतडं उजळायला उजेड लागतोच, आणि तो बहुतेक दुर्बिणींत आजही काचतंतूंच्या जुडीतूनच आत जातो. प्रश्नही आता पुढचा झाला आहे. पॉलिप दिसला हे ठीक, पण तो कुठल्या जातीचा? सगळे पॉलिप कर्करोगाकडे जात नाहीत. गुदाशयातले बरेचसे छोटे, फिकट फुगवटे निरुपद्रवी असतात. अॅडिनोमा नावाचे मात्र काढावेच लागतात. पूर्वी याचं उत्तर तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच मिळे, म्हणजे रिपोर्टसाठी काही दिवस थांबणं आलं.

जपानी डॉक्टर शिन-एई कुडो यांनी दुर्बिणीला मोठं करून दाखवणारी भिंगं लावली, आतड्यावर निळा रंग फवारला आणि पॉलिपच्या पृष्ठभागावरची बारीक छिद्रं पाहिली. गोल छिद्रं म्हणजे नेहमीचं अस्तर, चांदणीसारखी असली तर बहुधा निरुपद्रवी, लांबट नळ्यांसारखी किंवा मेंदूच्या घड्यांसारखी दिसली तर अॅडिनोमा. आणि नक्षी पार विस्कटलेली असली तर कर्करोगाची शंका. रांगोळी पाहून घर ओळखावं, तसंच हे!

पुढे जपानमध्येच रंग न फवारता प्रकाशच बदलण्याची रीत निघाली, तिला नॅरो बँड इमेजिंग म्हणतात. साध्या पांढऱ्या उजेडाऐवजी निळ्या आणि हिरव्या प्रकाशाचे दोनच अरुंद पट्टे टाकायचे, सुमारे ४१५ आणि ५४० नॅनोमीटरचे. रक्तातलं हिमोग्लोबिन नेमके हेच रंग शोषून घेतं, त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या गडद तपकिरी उठून दिसतात. सहावीत आपण सांगतो ना, लाल वस्तू निळ्या उजेडात काळपट दिसते, तेच तत्त्व. अॅडिनोमात रक्तवाहिन्या जास्त, म्हणून तो आजूबाजूच्या अस्तरापेक्षा तपकिरी दिसतो आणि पांढरट नक्षीभोवती तपकिरी रेघा दिसतात. निरुपद्रवी पॉलिप अस्तराच्याच रंगाचा किंवा फिकट. डॉक्टर रंग, रक्तवाहिन्या आणि पृष्ठभागाची नक्षी या तीन गोष्टी पाहून पॉलिपला पहिला, दुसरा की तिसरा प्रकार ते ठरवतात. तिसरा म्हणजे कर्करोग खोल गेल्याची शंका, तिथे फासाने न कापता ऑपरेशनचा विचार होतो. हे सगळं रुग्ण टेबलावर असतानाच.

यात चकवाही आहे. सपाट, कडा दातेरी असलेले काही पॉलिप फिकट आणि भोळे दिसतात, पण पुढे जाऊन धोका देऊ शकतात. म्हणून डोळ्यांनी केलेलं निदान अनुभवी डॉक्टरांच्या हातीच भरवशाचं, आणि काढलेला पॉलिप सहसा अजूनही तपासायला पाठवतातच. पालकांपैकी कुणाला शौचातून रक्त जात असेल, किंवा घरात आई-वडील, भावंडांपैकी कुणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर मूळव्याधच असेल म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना विचारा.

ही नवी रीत हॉपकिन्सनी शोधलेली नाही, त्यांचं निधन त्याआधीच झालं होतं. पण डोळ्यांनी जात ओळखायची तर आधी चित्र तेवढं स्वच्छ हवं, आणि ते किती स्वच्छ आहे हे मोजता यायला हवं. बर्मंडसीतून शिष्यवृत्तीवर निघालेल्या त्या मुलाने आयुष्यभर तेवढंच केलं. पुढच्या आठवड्यात पाण्याच्या धारेचा प्रयोग वर्गात केलात, तर मुलांनी काय विचारलं ते मला जरूर कळवा.